कचेरीची बोली

श्रोतेहो, परवां एका स्नेह्यांच्या घरीं जेवावयास गेलों होतों. त्यांचा मुलगा पुण्यांतील एका मोठ्या कंपनींत नोकरीस आहे. तो बराच उशिरां घरीं आला, तेव्हां वडिलांनीं सहज विचारलें, "कां रे, आज इतका उशीर?" मुलगा म्हणाला, "बाबा, टीमची बँडविड्थच नव्हती. डिलिव्हरेबल पुढें ढकललें. आतां उद्यां सगळे स्टेकहोल्डर अलाइन झाले, म्हणजे क्लोजर देऊं." पानावर बसलेल्या आजीबाईंनीं हें सगळें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे आजचें काम झालें नाहीं, असेंच ना रे?" मुलगा क्षणभर थबकला आणि हसून म्हणाला, "हो आजी, असेंच."

सर्वांना हसूं आलें आणि विषय तेथेंच संपला. परंतु घरीं परत येतांना मला तो प्रसंग पुनःपुन्हां आठवत होता. कामाच्या ठिकाणची भाषा घरच्या माणसांस कळेनाशी होणें, ही तक्रार आज पुष्कळ कुटुंबांतून ऐकूं येते, आणि तिचा दोष बहुधा इंग्रजीच्या माथीं मारला जातो. जुनीं कागदपत्रें चाळणाऱ्यास मात्र ही तक्रार नवी वाटत नाहीं. महाराष्ट्रांत कचेरीची बोली आणि घरची बोली यांच्यामध्यें निदान चारशें वर्षें अंतर पडत आलें आहे. कधीं तें फारसीनें पाडलें, कधीं संस्कृतानें, कधीं इंग्रजीनें. हें अंतर कां पडतें, तें कोणास सोईचें असतें, आणि त्याची किंमत शेवटीं कोणास मोजावी लागते, या तीन प्रश्नांचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

प्रारंभ विजापूरच्या दरबारापासून करूं. १५३४ सालीं गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिम आदिलशहानें राज्याचे हिशेब फारसींत न ठेवतां देशी भाषेंत ठेवावे, असा हुकूम केल्याचें फेरिस्ता हा इतिहासकार सांगतो. त्यामुळें हिशेबाच्या दप्तरांत ब्राह्मण कारकुनांचा प्रवेश झाला. वरवर पाहतां येथेंच प्रश्न सुटावयास हवा होता. परंतु झालें तें निराळें. भाषा देशी झाली, पण शब्द दरबारीच राहिले. क्रियापदें आणि विभक्तिप्रत्यय मराठी, आणि मधला सारा ऐवज फारसी-अरबी, अशी एक मिश्र बोली कारकुनांच्या हातून तयार झाली. पत्राचा आरंभ 'अज रख्तखाने' असा व्हावयाचा, पुढें 'बजानेब' यावयाचें, आणि वर्षाचा आंकडा घालावयाचा तो 'इहिदे', 'इसन्ने', 'सलास' अशा अरबी संख्यावाचकांनीं. ज्या पाटलाच्या नांवें तें पत्र निघे, त्याला आपल्या बैलजोडीची गणती एक, दोन, तीन अशीच ठाऊक होती.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. कारण तो न केल्यामुळें या विषयावरील पुष्कळ वाद व्यर्थ होतात. दप्तरांतील प्रत्येक परका शब्द कांहीं निरर्थक नव्हता. 'वतन', 'इनाम', 'मिरास' हे शब्दही बाहेरूनच आले; परंतु त्यांच्या पोटांत निश्चित हक्क होता. मिरासदार आणि उपरी यांत भेद काय, हें खेड्यांतील पोरालाही सांगतां येई, कारण त्या भेदावर जमीन कोणाची हें ठरत असे. असा शब्द परका असला तरी तो कामाचा असतो. याच्या उलट 'अज रख्तखाने' या शब्दांनीं पत्राच्या अर्थांत कांहींच भर पडत नसे. त्यांनीं भर पडे ती धाकांत. वाचणाऱ्यास दरबाराचें भय वाटावें आणि लिहिणारा आपल्याहून निराळ्या जातीचा विद्वान आहे असें त्याला कळावें, एवढेंच त्यांचें प्रयोजन होतें. कचेरीच्या बोलींत हे दोन्ही प्रकारचे शब्द नेहमींच शेजारीं शेजारीं बसलेले असतात, आणि दुसऱ्या प्रकारचे शब्द पहिल्यांच्या आडोशास लपतात.

शिवछत्रपतींच्या लक्षांत ही गोष्ट आली होती. १६७४ च्या ज्येष्ठांत राज्याभिषेक झाला, त्या वेळीं अष्टप्रधानांचीं पदनामें बदललीं. पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत आणि सरनोबत सेनापति. राजपत्रांचा आरंभ 'स्वस्ति श्री राज्याभिषेक शके' असा होऊं लागला. याच धोरणाचा पुढचा भाग म्हणजे 'राजव्यवहारकोश'. महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथपंत हणमंते यांनीं तें काम हातीं घेतलें आणि धुंडिराज व्यास या पंडितानें तें पार पाडलें. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग पाडून सुमारें चौदाशें दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेला हा श्लोकबद्ध कोश आहे. राज्यकारभाराचे शब्द ही राजानें स्वतः लक्ष घालावें अशी बाब आहे, हें ज्या थोड्या राज्यकर्त्यांस कळलें, त्यांत महाराजांची गणना करावी लागते.

या कोशाच्या अखेरीस एक श्लोक आहे. त्याचा आशय असा कीं, जाणत्या लोकांनीं या ग्रंथास मान्यता दिल्यावर अजाण लोकांनीं थट्टा केली म्हणून काय बिघडलें? उंटाला का कोठें गोड केळें आवडतें? हा श्लोक वाचला म्हणजे मौज वाटते, आणि थोडा विचारही करावा लागतो. थट्टा होणार अशी भीति कोशकर्त्यास वाटत होती, हें उघड आहे. इतक्या वर्षांच्या सवयीचे शब्द सोडून एकदम संस्कृत शब्द तोंडीं घालावयाचे, तर दप्तरांतील कारकून हंसल्यावांचून थोडेच राहणार! परंतु त्या थट्टेला त्यानें जें उत्तर दिलें, तें पंडिताचें उत्तर होतें. ज्यांना हे शब्द वापरावयाचे, त्यांना ते रुचतात कीं नाहीं, हा प्रश्न त्यानें उंटावर ढकलून दिला. पुढील तीनशें वर्षांत शब्द घडविणाऱ्या अनेकांनीं हीच चूक केली.

मग या प्रयत्नाचें फळ काय? इतिहासाचार्य राजवाडे यांनीं तीन निरनिराळ्या काळांतील एकेक पत्र घेऊन त्यांतील शब्द मोजले. १६२८ च्या पत्रांत शंभरांत सुमारें १४ शब्द मराठी निघाले. १६७७ च्या पत्रांत सुमारें ६२. आणि १७२८ च्या पत्रांत सुमारें ९३. एकेका पत्रावरून साऱ्या शतकाचा निवाडा करतां येत नाहीं, हें खरें. तरी पण ओघ कोणत्या दिशेला होता तें यावरून स्पष्ट दिसतें. पत्रांतील गद्य मराठी झालें.

मात्र गद्य मराठी झालें म्हणजे कोश यशस्वी झाला, असें नव्हे. मुख्य प्रधान हें पद शिक्क्यावर राहिलें आणि लोकांच्या तोंडीं 'पेशवे' हाच शब्द टिकला. फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्या शेपटाला लिहिणारा या अर्थाचा फारसी शब्द आहे. ते सर्व पेशवाईंत सुखानें नांदले, आणि आज तीं आपलीं आडनांवें झालीं आहेत. पेशव्यांच्या रोजकीर्दींत अरबी वर्षगणनाही चालूच होती. म्हणजे ज्या गोष्टी दहा माणसांच्या नित्य उपयोगाच्या, त्या कोशाच्या आज्ञेनें हालल्या नाहींत. पण सेनापति, सचिव, मंत्री हे शब्द रुजले, कारण ते सोपे होते आणि राज्यानें ते सातत्यानें वापरले. शब्द जगतो तो वापरणाऱ्यांच्या जोरावर. त्याच्या कुळावर तें फारसें अवलंबून नसतें.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि कचेरींत तिसरी भाषा आली. वरिष्ठ कारभार इंग्रजींत, तालुक्याचें दप्तर मोडी मराठींत, आणि न्यायालयाच्या कामांत जुने फारसी शब्द नव्या इंग्रजी अर्थानें, अशी तीन थरांची रचना झाली. हुकूमनामा, दरखास्त, कैफियत, जप्ती, मुचलका हे शब्द तेच. पण त्यांच्यामागें उभा असलेला कायदा आतां निराळा होता. १८६२ सालीं मुंबईस हायकोर्ट स्थापन झालें, तेथील भाषा तर इंग्रजीच. खेड्यांतील कुणब्याचा दावा गांवच्या चावडीपासून जसजसा वर जाई, तसतसा तो त्याला कमी कमी कळूं लागे.

कचेरीच्या बोलीची चेष्टा करणें सोपें आहे. पण तिची किंमत केवढी असूं शकते, हें पाहावयाचें असेल तर १२ मे १८७५ या दिवशीं पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्यांत सुपें या गांवीं जावें लागेल. तो बाजाराचा दिवस होता. आसपासच्या गांवचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. हा दंगा पुढें पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनला एक गोष्ट विशेष दिसून आली. जमाव सावकाराच्या जिवावर क्वचितच उठला. त्याला हवे होते ते कागद. कर्जाचीं खतें, गहाणपत्रें, कोर्टाचे हुकूमनामे यांची मागणी करावयाची आणि ते हातीं आले कीं जाळावयाचे, हा बहुतेक ठिकाणचा क्रम होता. सावकारानें कागद मुकाट्यानें काढून दिले, तेथें सहसा फारसा उपद्रव झाला नाहीं.

या दंग्याचीं कारणें पुष्कळ होतीं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें चढलेला कापसाचा भाव पुढें कोसळला होता, सरकारनें जमिनीचा सारा वाढविला होता, आणि व्याजाचा दर भयंकर होता. शेतकरी निरक्षर होता, म्हणून खत सोप्या मराठींत असतें तरी तें त्याला वाचतां आलें नसतें, हेंही कबूल केलें पाहिजे. परंतु ज्या कागदावर आपण आंगठा उठविला त्यांत काय लिहिलें आहे, हें ज्याला ठाऊक नाहीं, आणि जो तें विचारूं लागला तर तितक्याच न कळणाऱ्या शब्दांत उत्तर मिळतें, त्या माणसाच्या मनांत त्या कागदाविषयीं काय भावना असेल? जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मधील ग्रंथांत कचेरींतील लेखणीबहाद्दरांवर जो संताप व्यक्त केला, तो याच अनुभवांतून आलेला आहे. जें वाचतां येत नाहीं आणि ज्याच्याशीं वाद घालतां येत नाहीं, तें जाळणें एवढाच मार्ग सुप्याच्या लोकांना दिसला.

सरकारनेंही या गोष्टीचा बोध घेतला, हें नमूद केलें पाहिजे. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला. त्यांत ग्रामनिबंधक नेमण्याची तजवीज होती, आणि शेतकऱ्यानें करून दिलेलें खत अशा निबंधकाच्या देखरेखीखालीं लिहिलें गेलें पाहिजे, असें ठरविलें होतें. कागद खरा असणें पुरेसें नाहीं, ज्याच्यावर तो बंधनकारक आहे त्याला तो समजलाही पाहिजे, हें तत्त्व आपल्याकडील कायद्यांत शिरलें तें एका दंग्यानंतर शिरलें.

विसाव्या शतकांत शब्दांचा प्रश्न पुन्हां विद्वानांच्या हातीं आला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश तयार करविला. तो १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एकाच अर्थाचे अनेक भाषांतील शब्द शेजारीं शेजारीं मांडलेले असल्यानें निवडीस वाव राहिला. सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ उभारली. स्वतः फारसीचे अध्यापक असलेल्या माधवराव पटवर्धनांनीं १९३८ सालीं 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून तिला शास्त्रीय आधार दिला. या चळवळीचा हिशेब आज मांडला तर तो राजव्यवहारकोशाच्या हिशेबासारखाच निघतो. दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द इतके रूढ झाले कीं, ते कोणी घडविले याची आठवणही राहिली नाहीं. पण कायद्याला 'निर्बंध' म्हणावें आणि फाउंटनपेनला 'झरणी' म्हणावें, ही सूचना लोकांनीं स्वीकारली नाहीं.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें आणि १९६४ सालीं राजभाषेचा अधिनियम झाला. चारशें वर्षांत प्रथमच, कचेरीची आणि घरची भाषा एक व्हावी असा योग आला. भाषा संचालनालयानें कोशामागून कोश सिद्ध केले. कलेक्टराचा जिल्हाधिकारी झाला, कमिशनरचा आयुक्त, डायरेक्टरचा संचालक. हें काम लहान नव्हतें, आणि त्याची नुसती टवाळी करणें अन्यायाचें होईल. तथापि, सरकारी पत्र हातीं पडल्यावर आजही आपली काय अवस्था होते? 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यांत येतें कीं, संदर्भाधीन प्रकरणीं उचित कार्यवाही अनुसरण्यांत यावी.' हें वाक्य मीं येथें बनविलें आहे. परंतु त्याचीं भावंडें आपल्या प्रत्येकाच्या कपाटांत असतील. यांत परका शब्द एकही नाहीं. तरी पण कोणी, काय, केव्हां करावयाचें, हें तें सांगत नाहीं. 'करण्यांत यावें' या प्रयोगांत करणारा नाहींसा होतो, आणि काम न झाल्यास जबाबदार कोण हा प्रश्नही त्याच्याबरोबर नाहींसा होतो. इब्राहिमशहाच्या वेळीं भाषा बदलली आणि शब्द राहिले. आमच्या वेळीं शब्दही बदलले, आणि कारकुनाची वृत्ति राहिली.

अशीच गोष्ट इंग्रजांनाही आपल्या भाषेंत अनुभवावी लागली. ९ ऑगस्ट १९४० रोजीं, जर्मन विमानें इंग्लंडवर घोंगावत असतां, पंतप्रधान चर्चिल यांनीं आपल्या खात्यांना एक टिपण धाडलें. अहवाल आंखूड लिहा, मुद्दे नेमके मांडा, आणि ज्यांनीं नुसती जागा भरते असे शब्दसमूह गाळा, अशी त्याची सूचना होती. युद्धकाळांत लांबण लावण्यास सवड नसते, हेंच त्याचें कारण. पुढें १९४८ सालीं सर अर्नेस्ट गॉवर्स यांनीं ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सरकारी नोकरांसाठीं साध्या शब्दांविषयीं एक छोटें पुस्तक लिहिलें. त्याचें सार एवढेंच कीं, लिहितांना वाचणाऱ्या माणसाचा विचार करा. ज्या देशाची राज्यभाषा आणि घरची भाषा एकच, तेथेंही असें पुस्तक लिहवून घ्यावें लागलें, यावरून हा रोग केवळ परभाषेचा नव्हे, हें सिद्ध होतें.

आतां पुन्हां आपल्या मित्राच्या मुलाकडे वळूं. त्याच्या तोंडचे शब्द कोठून आले, हें पाहणें मनोरंजक आहे. 'बँडविड्थ' हा नभोवाणीच्याच शास्त्रांतला शब्द. ध्वनिलहरींच्या प्रक्षेपणाला कंपनसंख्येचा जो पट्टा लागतो, त्याची ती रुंदी. 'स्टेकहोल्डर' म्हणजे मुळांत पैजेचे पैसे आपल्याजवळ ठेवणारा तिऱ्हाईत. 'डेडलाइन' ही तर अमेरिकन यादवी युद्धांतील कैद्यांच्या छावणींत आंखलेली रेषा. १८६४ सालीं अँडरसनव्हिल येथें ती ओलांडणाऱ्या कैद्यास गोळी घालीत. आपापल्या जागीं या शब्दांना वतन-मिरासीसारखाच नेमका अर्थ होता. कंपनीच्या दिवाणखान्यांत येतांना तो अर्थ बाहेर राहिला आणि उरला तो डौल. माणसाला वेळ नाहीं असें म्हटलें, तर किती माणसें हवींत हा प्रश्न निघतो. बँडविड्थ नाहीं असें म्हटलें कीं तो निघत नाहीं. नोकरांना काढून टाकलें असें म्हटलें, तर कां हें विचारावें लागतें. 'राइटसाइझिंग' केलें असें म्हटलें म्हणजे कांहीं तरी दुरुस्त झाल्याचा भास होतो. घरीं बसलेल्या त्या नोकराला मात्र नोकरी गेल्याचें बरोबर कळतें.

म्हणून माझें म्हणणें एवढेंच आहे. शब्द कोणत्या घराण्यांतला आहे, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्या पोटांत कांहीं आहे कीं नाहीं, हा पहिला. वतन, अर्ज, सचिव, दिनांक, बँक या पांच शब्दांच्या जाती निरनिराळ्या; परंतु पांचही कामाचे आहेत. आणि वाक्य पारखण्याची कसोटी तर आपल्या प्रत्येकाच्या घरीं आहे. श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या कचेरींत लिहिण्याचें काम करीत असाल. उद्यां एखादें पत्र सहीसाठीं पुढें आलें, तर तें एकदां मनांतल्या मनांत घरच्या वडील माणसाला वाचून दाखवा. "म्हणजे काय करावयाचें?" असें त्यानें विचारलें, तर त्या प्रश्नाला आपण जें उत्तर द्याल, तेंच पत्रांत लिहा आणि पहिलें फाडून टाका.

त्या रात्रीं पुढें आणखी एक गोष्ट घडली, ती सांगावयाची राहिली. आजीबाईंनीं नातवाला विचारलें, "काम झालें नाहीं, मग साहेबांना काय सांगितलेंस?" तो म्हणाला, "तुला सांगितलें तेंच, आधीच्या भाषेंत." त्या म्हणाल्या, "उद्यां त्यांना माझ्या भाषेंत सांगून पाहा. कदाचित् ते आणखी एक माणूस देतील." मुलानें तसें केलें कीं नाहीं, हें मीं अद्याप विचारलेलें नाहीं, पण पुढच्या खेपेस जेवावयास जाईन तेव्हां विचारणार आहें.